बाहेरचा कप

त्या दिवशी सकाळीही चॅम्पियननं आपली जुनी गोष्ट सांगायला घेतली, आणि आत त्याच्या बायकोनं पातेलं आपटलं.

चॅम्पियन ही त्याला गल्लीनं दिलेली पदवी. थोडी कौतुकाची, थोडी चेष्टेची. तरुणपणी तो शहराबाहेरच्या गोल्फ क्लबात कॅडी होता. म्हणजे साहेब लोक हिरवळीवर खेळायचे आणि हा त्यांच्या काठ्यांची जड पिशवी खांद्याला लावून मागून चालायचा. मैदान रिकामं असलं की टाकाऊ काठ्यांनी स्वतःही खेळायचा. असं करत करत एका वर्षी गडी देशाची खुली गोल्फ स्पर्धा जिंकून बसला. आता त्याचे गुडघे गेले होते. सरावाला येणाऱ्यांना चेंडूंच्या टोपल्या भरून देणं एवढंच काम उरलं होतं. पण भिंतीवर फोटो होता. हिरवळीवर उभा राहून दोन्ही हातांनी कप डोक्यावर धरलेला.

"काय चॅम्पियन, आज लेकाची पाळी!" शेजारचा शिंपी दारातून म्हणाला.

"अरे, त्याला मी तेच सांगतोय. कप हातात येतो ना, तेव्हा अजिबात जड लागत नाही बघ. मला तर इतका हलका लागला होता! म्हटलं, जिंकणाऱ्याला कप हलकाच लागत असणार."

शिंपी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसला. शेजारधर्म म्हणतात तो हाच. आत पुन्हा पातेलं वाजलं.

"आई, त्या पातेल्यानं तुझं काय घोडं मारलंय?" बूट पुसत बसलेला लेक म्हणाला.

"काही नाही रे. निसटलं हातातून. तू जा, उशीर होईल."

लेकही कॅडीच. त्याच खुल्या स्पर्धेत तीन दिवसांच्या खेळानंतर तो आणि क्लबाच्या उपाध्यक्षांचा भाचा बरोबरीत होते. आज शेवटचा दिवस. घरात सगळ्यांना वाटत होतं की आईला जिंकण्या-हरण्याची काळजी लागली आहे. तिला काळजी होती ती वेगळीच. लेक हरला असता तर तिला वाईट वाटलं असतं. पण तो जिंकला तर काय होणार, हे त्या घरात फक्त तिला ठाऊक होतं.

कारण ती क्लबाच्या मागच्या खोलीत भांडी धुण्याचं आणि चांदी उजळण्याचं काम करत होती, आणि चॅम्पियनचा कप तो कप नव्हताच.

हे नीट सांगायला हवं. या स्पर्धेचं हे शंभरावं वर्ष. सुरुवातीला चार हौशी व्यापारी आणि दोन-तीन अधिकारी एकत्र आले, त्यांनी चांदीचा एक भक्कम कप बनवून घेतला आणि जाहीर केलं की ज्याला खेळता येतं त्यानं खुशाल यावं, आमची स्पर्धा खुली आहे. केवढं औदार्य! खेळता येणारे त्या वेळी हे स्वतःच होते, तेव्हा त्या औदार्याला एक पैसाही पडला नाही. पुढे युद्ध आलं, मैदानात बटाटे लावले गेले, क्लबाचं छप्पर एकदा जळालं, पण स्पर्धा टिकली आणि कपही टिकला. त्या कपाची एक रीत होती. बक्षीस समारंभाच्या संध्याकाळी मोठ्या दालनात जेवण व्हायचं, कप मद्यानं भरायचा, विजेत्यानं पहिला घोट घ्यायचा, मग त्याच कपातून जुने विजेते, मग अध्यक्ष, मग बाकीचे. एक कप आणि सगळ्यांचे ओठ. याला ते क्लबाचा बंधुभाव म्हणत.

आणि मग, चॅम्पियनच्याही आधी, एका वर्षी एक कॅडी जिंकला.

झाली पंचाईत! आदल्या आठवड्यापर्यंत ज्यानं आपली पिशवी वाहिली, बुटांचा चिखल खरवडला, त्याच्या ओठांचा कप आपल्या ओठांना? त्या वर्षी अध्यक्षांचं पोट ऐन वेळी बिघडलं आणि जेवण रद्द झालं. पुढच्या वर्षापर्यंत क्लबात दुसरा कप आला होता. पितळेचा, वरून चांदीचा मुलामा, नक्षी तीच, कान तेच. तेव्हापासून मागच्या खोलीत दोन कप असत. आतला आणि बाहेरचा. सभासद जिंकला की आतला. कॅडी जिंकला की बाहेरचा, तोही बाहेर हिरवळीवरच द्यायचा. टाळ्या, फोटो, चहा, आणि जा घरी. संध्याकाळी आत दालनात आतल्या कपाचा पहिला घोट मग दुसऱ्या आलेल्या सभासदानं घ्यायचा. म्हणजे हरलेला पिणार आणि जिंकलेला चालत घरी जाणार. असली खुली स्पर्धा!

कॅडीच्या हातचा चेंडू चालत होता. त्याच्या बायकोच्या हातचे पेले चालत होते. त्या हातांनी घासलेला कप तर लखलखीत चालत होता. ओठ तेवढे चालत नव्हते. आणि हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. लिहिलेला नियम निदान कुणी फाडू तरी शकतो.

लग्नानंतर ती कामाला लागली तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या मुकादमानं तिला बजावलं होतं, "हा आतला, हा बाहेरचा. गल्लत करू नकोस हो पोरी." तिनं कारण विचारलं, त्यानं सांगितलं. कधी एकदा घरी जाते आणि नवऱ्याला सांगते असं तिला झालं होतं. घरी आली तर नवरा पाहुण्यांना गोष्ट सांगत होता. कप किती हलका लागला ते सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता की तिनं ओठांवर आलेले शब्द गिळले. मग दर वर्षी गिळत गेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, आणि तोही आपल्याच माणसाच्या सुखासाठी खायचा.

त्या दिवशी दुपारी तिनं दोन्ही कप उजळून पांढऱ्या रुमालांखाली झाकून ठेवले. क्लबाचे सेक्रेटरी आत डोकावले. गोड माणूस. कुणाला कधी अरेतुरे करत नसत.

"बाई, तुमचा मुलगा फार छान खेळतोय. अभिमान वाटतो हो आम्हाला! दोन्ही कप तयार आहेत ना?"

तिनं हात पुसले. "साहेब, एक बोलू? यंदा शंभरावं वर्ष. यंदा तरी एकच कप राहू द्या ना."

"अहो, परंपरा आहे ती. मी कोण बदलणारा?"

"मग कोण बदलतं, साहेब?"

सेक्रेटरी हसले आणि घड्याळ बघत निघून गेले. या प्रश्नावर शहाणी माणसं अशीच हसतात, मी पुष्कळ पाहिली आहेत.

मागच्या खोलीच्या खिडकीतून शेवटची हिरवळ दिसत असे, पण त्या दिवशी तिथं टोप्याच टोप्या होत्या. लेक तिला दिसला नाही. सगळं शांत झालं, मग एकदम आरडाओरडा, आणि गर्दीच्या कडेला गुडघे विसरून नाचणारा आपला नवरा तिला दिसला. तिचे डोळे भरून आले. पोटच्या पोरानं देश जिंकला होता! एवढा एक क्षण तिला तिचा म्हणून मिळाला.

सेक्रेटरी दारात आले. तिच्याकडे न बघता म्हणाले, "बाहेरचा."

तिच्याच लेकासाठी, तिलाच. तिनं ऐकलं. मग तिनं दुसरा रुमाल दूर केला, आतला कप उचलला आणि पदराशी धरून पायऱ्या उतरली.

हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या. माजी विजेता म्हणून चॅम्पियनला कडेला एक खुर्ची मिळाली होती. तो उठून पुढे आला आणि म्हणाला, "दे गं, आधी मला दे, मी देतो त्याच्या हातात." तिनं दिला. कपाच्या वजनानं त्याचे हात खाली गेले.

"अगं, केवढा जड हा!" तो म्हणाला आणि स्वतःच हसला. "म्हातारा झालो मी."

सेक्रेटरी लगबगीनं आले. कपाच्या झिजलेल्या काठाकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला. "बाई," ते दबक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही चुकलात. हा आतला आहे."

"चुकले नाही, साहेब." ती दबक्या आवाजात बोलली नाही. "आज पहिल्यांदा बरोबर आणलाय."

"आतला म्हणजे?" चॅम्पियननं विचारलं. "कप काय दोन आहेत?"

खुर्च्यांवरचे सगळे एकाएकी झाडं बघू लागले.

"अगं, मी काय विचारतोय? मी कुठला उचलला होता?"

"बाहेरचा," ती म्हणाली. "पितळेचा. कॅडी जिंकला की तोच देतात. आपला ओठ लागू नये म्हणून."

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

त्यानं कप टेबलावर ठेवला. फोटोतला तो माणूस त्या एका शब्दात मेला असं मी म्हणेन, आणि त्याला मारणारी ती बाई नव्हती. मारणारे खुर्च्यांवर बसले होते, स्वच्छ कपड्यांत.

अध्यक्ष उठले. मुरलेले गृहस्थ होते. "गैरसमज, निव्वळ गैरसमज! दुसरी प्रत फक्त सुरक्षिततेसाठी असते. मूळ कप आलाच आहे, तर तोच देऊ की. या, या, नवे चॅम्पियन! फोटोग्राफर कुठं गेले?"

लेक पुढे आला. मघापासून तो आईकडे बघत होता. त्यानं कप हातात घेतला, पण डोक्यावर धरला नाही.

"साहेब, मग आज जेवणाला पहिला घोट माझा ना? आणि माझ्यानंतर तुमचा?"

"हे बघ बाळा, जेवण हा सभासदांचा खासगी कार्यक्रम आहे. त्याचा स्पर्धेशी काही संबंध नाही."

"कपाचा आहे ना?"

"उगाच विषय वाढवू नकोस. तुझं सगळं आयुष्य पुढे आहे."

"म्हणूनच," लेक म्हणाला. त्यानं कप टेबलावर ठेवून दिला, अध्यक्षांच्या पुढ्यात. "फोटोपुरता नको मला. जिंकलो तर पूर्ण जिंकलो, नाहीतर हा तुमचाच. चला बाबा. आई, चल."

ती तिघं हिरवळ ओलांडून निघाली. कडेला पिशव्या घेऊन उभे असलेले कॅडी बघत राहिले. मग त्यांतल्या एका पोक्त कॅडीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. तिच्या मालकानं "अरे, अरे" केलं. बाकीच्यांनीही ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून आलं की विजेत्यानं उद्धटपणा करून शतकी परंपरेचा अपमान केला. बाईला कामावरून काढलं. कारण दिलं हलगर्जीपणाचं. उभ्या आयुष्यात जिच्या हातून एक पेला फुटला नव्हता, ती हलगर्जी ठरली!

घरात चॅम्पियन दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी चहाचा पेला पुढे सरकवत तो म्हणाला, "इतकी वर्षं का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सांगायला लागलात ना, की तोंड असं उजळायचं तुमचं. मी कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

"पातेल्यांना मात्र पुष्कळ पोचे पाडलेस," तो म्हणाला. ती हसता हसता रडली. मग त्यानं चपला घातल्या आणि गुडघे धरत कॅडींच्या शेडकडे गेला. तिथं त्यानं पुन्हा आपली गोष्ट सांगितली. या वेळी सगळी, पितळेसकट. ऐकणाऱ्यांनी तिथल्या तिथं ठरवलं की कप एक होईपर्यंत आपल्यातला एकही जण ही स्पर्धा खेळणार नाही आणि स्पर्धेत कुणाची पिशवीही उचलणार नाही. साहेबांनी आपापली ओझी आपापल्या खांद्यावर घेऊन खुशाल खुलं खेळावं.

क्लबाची बैठक बसली. पुष्कळ चर्चा झाली. शेवटी सापही मरावा आणि काठीही मोडू नये असा तोडगा निघाला. आरोग्याच्या कारणास्तव यापुढे कपातून कुणीच पिणार नाही. शंभर वर्षं एकमेकांचे ओठ लागलेले चालले, तेव्हा आरोग्य कुठं होतं? पण त्यांनी आपली लाडकी रीत स्वतःच्या हातानं पुरली. कॅडीला एक घोट देण्यापेक्षा त्यांना तहानलेलं राहणं परवडलं. आणि यालाच ते समता म्हणू लागले.

कॅडी अजून शेडमध्ये बसून आहेत. निरोप गेला, "आता कुणीच पीत नाही, मग तक्रार काय?" लेकानं उलट निरोप पाठवला, "आम्हाला पेय नको होतं, साहेब. तुमच्या शेजारी बसायचं होतं."

हे वाचून तुम्हाला त्या अध्यक्षांचा राग आला असेल. यायलाच हवा. पण गोष्ट बाजूला ठेवलीत की जरा स्वयंपाकघरात जा. तुमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईचा चहाचा कप कुठं ठेवलाय ते बघा. खिडकीत, मोरीजवळ, फडताळाच्या खालच्या कोपऱ्यात, कान तुटलेला. तो तिथं कुणी ठेवला, हे क्लबाच्या सेक्रेटरींना विचारायला जाऊ नका.