आलो की!

रक्षिता गदगहून कोल्हापुरात आली ती दोन बॅगा, एक निळी वही आणि पुस्तकावरून शिकलेलं मराठी घेऊन. मराठी एकदम चोख होतं, कुठं बोट ठेवायला जागा नाही. आणि सगळा घोटाळा तिथंच झाला, बघा.

मेंदूचा झटका येऊन ज्यांची वाचा गेली त्यांना पुन्हा बोलतं करायचं, हे तिचं काम. दवाखान्यात आठवडाभर ते चालायचं. रविवार उजाडला की बाई वही काखोटीला मारून गाव बघायला बाहेर. जे नवं दिसेल, कानावर पडेल, ते वहीत. 'पावणं : ज्याची ओळख नाही असा कुणीही.' 'भावा : रस्ता सांगताना भावा, धक्का मारून शिवी देतानाही भावा.' 'कट : मिसळीचा लाल रस्सा. जास्तीचा मागण्याआधी विचार करावा.' हा विचार तिनं पहिल्या रविवारी केला नव्हता, आणि शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यानं तिला न विचारता दही आणून दिलं होतं. गाव तिला आवडलं होतं. आरडाओरडा फार, पण मनात काळं नाही.

एकच तक्रार होती. ही बाहेरची आहे म्हटलं की लोक तिच्याशी हिंदीत तरी बोलायचे, नाहीतर बातम्या वाचल्यासारखं मराठी बोलायचे. घरमालकीण स्नेहलवहिनीसुद्धा "आपण जेवलात का?" म्हणून विचारायची. पाहुणा आला की ठेवणीतली भांडी काढावीत, तशी ठेवणीतली भाषा काढायची माणसं. त्यामुळं रोजची भाषा हिच्या कानावर पडणार कशी?

बाळाबाई तिच्याकडं आली ती दुसऱ्याच आठवड्यात. वय बासष्ट. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर रोज संध्याकाळी म्हैस आणून उभी करायची, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाचा पेला हातात द्यायची, हे तिचं तीस वर्षांचं काम. झटका आला, हातपाय वाचले, वाचा गेली. मुलगा विश्वजित तिला गाडीवर पुढं बसवून आणायचा, लहान पोराला आणावं तसं.

रक्षितानं जीव लावून शिकवलं. चित्रं दाखवली, शब्द आले. पाणी. ताट. म्हस. एका सकाळी बाळाबाई दारातून आत आली आणि आपणहून म्हणाली, "आ...लो. मी आलो."

विश्वजितच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. रक्षिताच्या कपाळाला मात्र आठी. बाईमाणूस आणि 'आलो'?

"आले म्हणा, बाळाबाई. मी आले."

"आलो."

"आले."

"आ...लो की!"

असं दहांदा झालं. रक्षितानं कागदावर लिहिलं : 'स्त्रीलिंगी क्रियापद चुकते. दोष शिल्लक.' आणि विश्वजितला बजावलं, "घरी चुकलं की तिथल्या तिथं टोका. सवय लागता कामा नये." विश्वजितनं मान डोलावली. शिकलेली बाई सांगते, म्हणजे असणार काहीतरी.

पुढच्या तीन आठवड्यांत बाळाबाईचं बोलणं वाढायचं ते आटत गेलं. तोंड उघडायची, मुलाकडं बघायची, मिटायची. शनिवारी आली ती एक अक्षर न बोलता बसून राहिली.

"म्हस इकायला काढलीया," विश्वजित म्हणाला. "चंद्री पान्हा चोरतीया ओ. आईचा आवाज आयकल्याबगार ती धारच सोडत न्हाई. मी बसलो, बायको बसली, लाथा खाल्ल्या. उद्या सांजच्याला हुपरीचं गिऱ्हाईक येतंय."

बाळाबाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं. म्हैस गेली की ही बाई पुन्हा कधी बोलणार नाही, हे रक्षिताला लख्ख कळलं. काय चुकतंय तेवढं कळेना.

दुसऱ्या दिवशी ती जोतिबाला निघाली खरी, पण मन थाऱ्यावर नव्हतं. बसमध्ये पुढच्या बाकावर कॉलेजच्या दोन पोरी.

"मी काल रंकाळ्याला गेलतो," एक म्हणाली.

"मी न्हाई आलो, मी झोपलो," दुसरी म्हणाली.

रक्षिताचे कान उभे राहिले. आधी तिला पोरींची काळजीच वाटली. एवढ्या लहान वयात? मग मागून एक आजी ओरडली, "कंडक्टर, मी पुढं उतरतो रं!" एका बसमध्ये तीन पेशंट! असं कसं असेल?

डोंगरावर नारळाच्या दुकानात धोंडुबाई नावाची दुकानदारीण होती. "थांबा पावणं, सुट्टं घिऊन आलो," म्हणून ती आत गेली. बाहेर आली तेव्हा रक्षितानं थेट विचारलं, "मावशी, तुम्ही आलो का म्हणता? आले का नाही?"

धोंडुबाईनं तिला खालून वर बघितलं. "आलो म्हंजे आलो. त्यात काय इचारायचं?"

"पण बाईमाणूस..."

"मग? आमची आई आलो म्हणायची, तिची आई आलो म्हणायची. हितं समद्या बायका आसंच बोलत्यात की!"

रक्षिता मटकन पायरीवर बसली. अगं बाई! बाळाबाई तर 'आलो' म्हणाली त्या सकाळीच बरी झाली होती. बऱ्या झालेल्या बाईच्या तोंडाला कुलूप घातलं ते हिनं, स्वतःच्या हातानं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की देवाला हात जोडायचंही सुचेना. नारळ तिथंच ठेवून ती मिळेल त्या गाडीनं खाली आली.

कट्ट्यावर म्हशी रांगेनं उभ्या होत्या, पेले खणखणत होते. हुपरीचा पाहुणा चंद्रीचे दात बघत होता. बाळाबाई म्हशीच्या पाठीवर हात ठेवून खाली मान घालून उभी होती.

"अव्वा!" रक्षिता धापा टाकत म्हणाली. गडबडीत आईला मारायची ती हाक तोंडातून गेली. "अव्वा, चूक माझी होती. तुमचं बोलणं बरोबर आहे. तुम्ही आलोच म्हणा."

बाळाबाईनं सवयीनं मुलाकडं बघितलं.

"पण म्याडम, ती तर जल्मापास्नं आलोच म्हणत्या," विश्वजित गोंधळून म्हणाला.

"मग सांगितलं का नाही मला?"

"आमास्नी वाटलं, मेंदूला व्यायाम आसंल!"

बाळाबाईचे ओठ अजून मिटलेलेच. मग ही गदगची शिकलेली बाई भर कट्ट्यावर ओरडली, "आलो! अव्वा, मी आलो!" पेले तोंडाला लावलेली माणसं वळून हसायला लागली.

बाळाबाईही हसली. अर्धं तोंड आधी हललं, मग सगळं. ती म्हशीच्या कानाशी वाकली. "आ...लो. आलो गं चंद्रे. आलो की!"

चंद्रीनं कान हलवले. बाळाबाई खाली बसली, कासेला पाणी लावलं, हात फिरवला. पहिली धार भांड्यात वाजली आणि विश्वजित शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत पाहुण्याला म्हणाला, "पावणं, दूध प्या आन् जावा. म्हस इकायची न्हाय."

रक्षितानं पेला संपवला, ओठावर फेसाची मिशी तशीच. तिनं दवाखान्याचा कागद उद्या फाडायचा ठरवलं आणि पिशवी उचलली. "येते मी, अव्वा."

धार थांबली. बाळाबाईनं मान वर केली.

"काय म्हणलीस?"

"येते."

"येतो म्हण."

"येतो."

"नीट म्हण. धा येळा."

आणि रक्षितानं तिथंच उभं राहून दहा वेळा म्हटलं.