ऊन दाखवलेली तबकडी

मी एक तबकडी बोलतेय. काळी, ताटाएवढी, मधोमध भोक. बोलतेय म्हणायचं एवढंच. आवाज आता धड राहिलेला नाही.

माझ्यावर दोन भावंडांचे आवाज आहेत. धाकटी धुलाई कारखान्यात इस्त्री करायची, थोरला तिथेच गठ्ठे वाहायचा. बॉयलर फुटून चौघीजणी गेल्या आणि कुणी त्यांची नावंही विचारली नाहीत, तेव्हा या दोघांनी गाणी रचली. थोरला ठेक्यावर घडाघडा बोले. लोक त्याला रॅप म्हणत. आई म्हणे, "तोंडाचा पट्टा नुसता! घरात साधं 'पाणी दे' म्हणायला जीभ उचलत नाही मेल्याची."

पण मागून धाकटी गायला लागली की घड्या घालणारा आईचा हात थांबे. थोरला रागानं विचारी, "कुठं गेल्या त्या?" धाकटी उत्तर देत नसे. नुसती चार नावं गाई, एकेक अशी सावकाश, जसं झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं.

कारखान्याच्या दारात ती गाणी वाजली आणि पोलिसांनी थोरल्याला धरून नेलं. सापडतील तेवढ्या तबकड्या मोडल्या. मी आईच्या ट्रंकेत होते, म्हणून वाचले. दोन वर्षांनी धाकटी छातीच्या दुखण्यानं गेली. तिचा आवाज उरला तो माझ्यापाशी.

आईनं नेम धरला. "थोरला घरी येईपर्यंत सुई टेकवायची नाही. आम्ही दोघं मिळूनच ऐकू, बाई." मला ती बाई म्हणे. रोज आंघोळ झाली की मला पुसायची आणि ओल धरू नये म्हणून खिडकीत ऊन दाखवायची, गाद्यांना दाखवतात तसं. मी तापत होते, वाकत होते. ओरडायला मला सुई लागते, आणि नेम तर सुईचाच!

सात वर्षांनी, परवा, थोरला तुरुंगातून सुटून आला. आई हात जोडून बसली. त्यानं सुई टेकवली. ती उडाली, घसरली. धाकटीचा आवाज हेलकावत वर गेला, खाली बुडाला. चारांपैकी एकही नाव ओळखू येईना.

"अशी का रडतेय रे ती?"

थोरल्यानं मला डोळ्यांसमोर आडवं धरलं. "आई, हिला कुठं ठेवायचीस?"

"उन्हात. रोज. एका दिवसाचा खंड नाही पडू दिला."

त्यानं खिडकीकडे पाहिलं. मला हळूच खाली ठेवलं. मग म्हणाला, "जुनी झाली गं. माणसासारखंच असतं यांचं."

"होईल बरी," आई म्हणाली.

तुमच्या माळ्यावर माझी एखादी बहीण उरली असेल, तर तिला सावलीत ठेवा. जमलं तर या माउलीला एकदा ती चार नावं नीट ऐकवा. माझ्याकडून आता व्हायचं नाही.

आज सकाळीही तिनं मला पुसून खिडकीत ठेवलं. "आज जरा जास्त वेळ हं, बाई," म्हणाली.

ऊन चढतंय.