एकादशीला उपाशी राहिलेला सेल

या मित्रांनो, या. जरा जवळ सरकून बसा. माझा आवाज बारीक आहे, आणि जे सांगायचं आहे ते मोठ्याने सांगायची मला लाज वाटते. देवाचं नाव घेतो आणि एक खरी गोष्ट सांगतो. मध्येच उठू नका एवढंच.

मी एक जुना सेल आहे. घड्याळात किंवा रिमोटमध्ये घालतात तो बारीक सेल नव्हे, त्याचा थोरला भाऊ. अंगठ्याएवढा जाड, बोटाएवढा लांब, आणि रिकामा झालो की पुन्हा भरता येणारा. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. डोळे उघडले ते पनवेलच्या बाजारात, इमादच्या दुकानात. इमाद मोबाईल आणि टॉर्च दुरुस्त करतो. हात हलका आणि जीभ तिखट.

त्याच्याकडे एके दिवशी त्याचा शाळेतला मित्र हृतिक आला. हृतिक पनवेलजवळच्या करंजाडे गावाचा. त्यांच्या शेतांवर आता इमारती उभ्या आहेत आणि तो त्याच इमारतींमधले फ्लॅट गिऱ्हाइकांना दाखवतो. त्याला दोन दमदार सेल हवे होते. इमादने मला आणि माझ्या शेजाऱ्याला उचललं, दोघांना हिरव्या प्लॅस्टिकचं नवं कव्हर चढवलं आणि दोघांवर पेनाने सात आकडा लिहिला.

"हे बघ भाई, दोघं एका दिवसाचे आहेत. एकत्र भरायचे, एकत्र वापरायचे. निकाह लागलाय समज."

"आणि तलाक?" हृतिक हसला.

"तलाक नाही. एक थकला की दोघांना रिटायर करायचं. एक भरलेला आणि एक अर्धा असे कधी घालू नकोस. भरलेला अर्ध्याला फरफटत नेतो, अर्धा मरतो. पण तुला कशाला रे एवढे दमदार?"

"टॉर्चला. कर्नाळ्याला जायचंय ट्रेकला."

मित्रांनो, माझ्या नावावर बोललेलं हे पहिलं खोटं. कर्नाळ्याचा डोंगर मी अजून पाहिलेला नाही.

हृतिकने आम्हाला घातलं ते हातात मावणाऱ्या एका डब्यात. त्या डब्यात गोड वासाचं पाणी असे. आम्ही दोघांनी जोर लावून आतली तार तापवायची, पाण्याचा दाट धूर व्हायचा आणि हृतिकने तो छातीत ओढायचा. याला व्हेप म्हणतात. आपल्याकडे त्याच्या विक्रीला बंदी आहे, तरी त्याने तो कुठून तरी चोरून मिळवला होता. आधी दिवसातून दहा-बारा झुरके. मग गिऱ्हाईक लिफ्टने वर जाईपर्यंत एक, खाली येईपर्यंत एक. पुढे पुढे तर दुपारच्या जेवणालाच आम्ही रिकामे व्हायचो.

आता लाजेची पहिली गोष्ट सांगतो. मला त्या कामाचा अभिमान होता! कारण हृतिक आम्हाला जपायचा. सकाळी तोंड धुण्याआधी तो आमच्याकडे बघायचा. चार्जरमधून काढल्यावर गार होऊ द्यायचा. किल्ल्या आणि सुट्या नाण्यांबरोबर त्याने आम्हाला खिशात कधी टाकलं नाही. आमच्यासाठी वेगळी डबी होती. आज जो डावीकडे, तो उद्या उजवीकडे. कव्हरला नखाएवढी चीर पडली तरी लगेच इमादकडे पळायचा. पथ्य इतकं कडक, की एखाद्या माळकऱ्याने शिकावं. मला वाटायचं, वा, काय माझा मान!

एकदा त्याची आत्या म्हणाली, "बाला, तुलशीला पानी घाल सांगितला तर इसरतोस. त्या नळकांड्यांना मात्र येळच्या येळी जेवन!"

"आत्या, ते कामाचं आहे गो."

"मंग तुलस काय बिनकामाची हाय?"

ही भामाआत्या. हृतिकच्या वडिलांची बहीण. लवकर विधवा झाली, माहेरी आली आणि हृतिकची आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला. आत्या कीर्तन करते. म्हणजे करायची. करंजाड्याच्या जुन्या गावातल्या देवळात दर एकादशीला दुपारी चार वाजता ती उभी राहायची आणि हृतिक तिच्या मागे टाळ घेऊन उभा असायचा. दृष्टांत सांगायला लागली की चुलीवरचं दूध विसरून बाया येऊन बसायच्या.

पण आत्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "बोला, गा, पण हळू. आवाज ताणलात तर कायमचा जाईल." देवळामागच्या नव्या टॉवरमधून तक्रार आल्यापासून देवळात भोंगाही लावत नसत. म्हणून हृतिकनेच तिला कमरेला बांधायचा एक छोटा स्पीकर आणून दिला होता. त्याच्या माईकची तार कानामागून तोंडाशी यायची. आत्या कुजबुजावं तसं गायची आणि शेवटच्या ओळीतल्या आजीलाही शब्द न् शब्द ऐकू जायचा. त्या स्पीकरमध्ये एक सेल लागे. माझ्याच मापाचा.

इथे माझं दुर्दैव सुरू होतं. घरात सेल तीन आणि चार्जरमध्ये घरं दोन.

एकादशीच्या आदल्या दिवशी आत्या आपला सेल हृतिकच्या हातात द्यायची. तो एका घरात जायचा. उरलेल्या घरात माझा जोडीदार. आणि मी अर्धपोटी तसाच डब्यात. हृतिकला झुरक्यावाचून राहवत नसे, म्हणून इमादचं सांगणं बाजूला ठेवून तो आम्हाला तसंच जुंपायचा. माणसं एकादशीला उपास करून पुण्य जोडतात. मित्रांनो, मलाही महिन्याला दोन उपास घडत होते, पण त्यांतून पुण्य काही जमलं नाही. भरलेला जोडीदार ओढायचा, मी फरफटत जायचो आणि तळाच्याही खाली रिकामा व्हायचो. असं आठ-नऊ एकादश्या चाललं. माझ्या आतलं काहीतरी कायमचं सुकलं.

वरून मात्र कळत नसे. चार्जरमध्ये ठेवलं की मी पटकन भरायचो, कारण भरायला पोट उरलंच नव्हतं. हिरवा दिवा लागायचा. हृतिक म्हणायचा, "झाला फुल्ल!" तो दिवा लागला की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण मी तोंड उघडून सांगणार कसा?

घरात वासही येऊ लागला होता. थंडीच्या दिवसांत आत्या एकदा नाक वर करून म्हणाली, "हृतिक, यो आंब्याचा वास कुठला रं? मोहोर पन नाय आला अजून."

"रूम फ्रेशनर आहे, आत्या."

"बरा हाय. देवघरात पन मार जरासा."

आणि त्याने मारला, मित्रांनो. बाजारातून खरा फ्रेशनर आणून देवघरात मारला, खोटं खरं दिसावं म्हणून.

मग ती एकादशी आली. दुपारी फराळ झाल्यावर हृतिकने डबा तोंडाला लावला. धूर येईना. डबा लुकलुकून बंद पडला. अर्थात माझ्यामुळे. त्याने मला काढलं, उलटसुलट करून पाहिलं आणि बोटाने ठोकलं. समोर चार्जरमध्ये आत्याचा सेल होता. ताजा आणि ताकदवान. त्याने तो काढून माझ्या जागी घातला. मला त्या रिकाम्या घरात तासभर ठेवलं. हिरवा दिवा लागला. मग त्याने मला आत्याच्या स्पीकरमध्ये बसवलं.

"दोन तासांचं तर कीर्तन," तो स्वतःशीच म्हणाला. "टिकेल."

चार वाजता आत्या उभी राहिली. देवळात चाळीसेक माणसं होती. काशिराममामांनी पखवाजावर थाप टाकली. आत्याने अभंगाची पहिली ओळ घेतली आणि ती माझ्या बळावर देवळाच्या कोपऱ्यापर्यंत गेली.

काय सांगू तुम्हाला! इतके महिने माझ्यातून नुसता धूर गेला होता. आज पहिल्यांदा देवाचं नाव गेलं. आत्या हळू आवाजात बोलत होती, हसवत होती, एका लयीत दृष्टांत सांगत होती आणि बाया माना डोलावत होत्या. मी उरलंसुरलं सगळं गोळा करून दिलं. काहीही राखून ठेवलं नाही, एवढं मी शपथेवर सांगतो. पण माझ्यात होतंच किती? चाळीस मिनिटं झाली आणि मी संपलो.

आत्याला लगेच समजलं नाही. पुढे बसलेल्या रंभाआजी ओरडल्या, "गो भामे, आयकू येत नाय! व्हटच हलतान नुसते!"

काशिराममामांनी पखवाज थांबवला. वाकून स्पीकर हलवून पाहिला. "सेल बसला यो. कोनाकडं हाय का रं जाडा सेल? हृतिक, तुझ्याकडं असतान ना?"

मित्रांनो, हृतिकच्या खिशात आत्याचाच सेल होता. दोन पावलांवर. पण तो काढायचा तर सगळ्या गावासमोर डबा बाहेर काढावा लागणार, उघडावा लागणार. गळ्यात तुळशीची माळ आणि हातात टाळ असताना.

"नाय मामा," हृतिक म्हणाला. "घरी राहिले."

"मंग जा, घेऊन ये."

आत्याने हात वर केला. "र्‍हाऊ दे. लोक बसल्यात. घरला जाऊन येवस्तोवर रंग जाईल. देवानं गला दिलाय ना? मारा थाप, काशिरामदादा."

आणि ती गळ्याने गाऊ लागली. मी तिच्या कमरेला मेल्यासारखा पडून ऐकत होतो. आधी आवाज भरदार आला. मग त्याला काटे फुटले. दोन शब्दांमध्ये ती थांबून गिळू लागली. रंभाआजी म्हणाल्या, "पुरे भामे, पुरे." आत्याने मान हलवली. शेवटच्या चरणापर्यंत न्यायचं, कीर्तन अर्धं टाकायचं नाही, हा तिचा आयुष्याचा नेम. मागे टाळ चुकू लागला. हृतिकचा टाळ कधी चुकत नसे.

वीस मिनिटं. हृतिकला हात खिशात घालायला वीस मिनिटं लागली. एका चढ्या ओळीवर आत्याचा आवाज कागद फाटावा तसा फाटला आणि थांबला. तोंड उघडं होतं, पण आत काही नव्हतं. तेव्हा टाळ खाली पडल्याचा आवाज आला.

हृतिकने डबा काढला, सगळ्यांसमोर. झाकण उघडून सेल बाहेर ओढला. घाईत तो फरशीवर घरंगळला. देवळात आंब्याचा वास पसरला.

"ये काय रं?" काशिराममामांनी विचारलं.

"आत्याचा सेल, मामा. माझ्याकडेच होता."

"सेल नाय. यो डबा काय हाय?"

आत्याने त्याच्या हातातून डबा घेतला आणि नाकाशी नेला. वास तिच्या ओळखीचा होता, देवघरापर्यंत पोचलेला. तिने रागाने फेकला असता तर बरं झालं असतं. तिने तो परत त्याच्या हातात ठेवला, त्याची बोटं मिटवली आणि काशिराममामांना खूण केली, वाजवा. उरलेला चरण बायांनी म्हटला. आत्या नुसत्या टाळ्या वाजवत होती.

डॉक्टरांनी सांगितलं की गळ्यातली शीर फुटली. तीन महिने मुकं राहायचं. ते तीन महिने संपून गेले; पुढचं इमादच्या दुकानात कानावर आलं तेवढं सांगतो. आता आत्या बोलते ती वाऱ्यासारखं, कानाजवळ गेलं तरच कळतं. गाणं नाही. ते परत येणार नाही असं डॉक्टर म्हणाले.

कीर्तनानंतर त्याच आठवड्यात हृतिकने आम्हा तिघांना इमादकडे नेलं होतं. इमादने मला यंत्राला लावलं आणि हसला. "एवढ्यात इतका म्हातारा? टॉर्च काय सूर्याशी कुस्ती खेळत होता?" हृतिक हसला नाही. मग त्याने सगळं सांगितलं.

"फुफीला मीच सांगितलं होतं, आवाजाची काळजी घ्या म्हणून," इमाद म्हणाला. तो लहानपणापासून तिला फुफी, म्हणजे आत्याच, म्हणतो. "तिने काय म्हटलं माहितीये? माझा हृतिक हाय ना, तो बघतो सगळं."

हृतिक दुकानाच्या पायरीवर बसला आणि त्याने तोंड गुडघ्यात घातलं. तो डबा त्याने सोडला की नाही, मला ठाऊक नाही. सोडला असं सांगून तुम्हाला खूश करता आलं असतं, पण माझ्या नावावर खोटं पुष्कळ झालं. इमादने माझ्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली आणि मला बाद सेलांच्या डब्यात ठेवलं. इथून आम्हाला मोडीत नेतील आणि आतला धातू काढून घेतील.

तुम्ही म्हणाल, सेलाची काय चूक? इमादही तेच म्हणाला. पण मित्रांनो, जोर माझाच होता आणि तो मी धुरात घालवला. ज्या दिवशी खरं काम पुढ्यात आलं, त्या दिवशी माझ्याकडे द्यायला उरलं नव्हतं. म्हणून लाज वाटते.

तुमच्या घरी माझ्यासारखे सेल असतील तर त्यांना जपा. जोडी मोडू नका, फाटक्या कव्हराचा सेल खिशात घालू नका, बाद झालेला कचऱ्यात फेकू नका. आणि चार्जरमध्ये आधी कोणाचा सेल ठेवायचा, हे ज्याचं त्याने देवासमोर उभं राहून ठरवावं.

माझं शेवटचं मागणं एवढंच आहे. मला विसरलात तरी चालेल. पण कुठल्याही देवळात कोणी हळू आवाजात गायला लागलं, तर क्षणभर करंजाड्याच्या भामाआत्याला आठवा. तिचं गाणं तुम्ही ऐकलेलं नाही. मी ऐकलं आहे, चाळीस मिनिटं, अगदी तिच्या श्वासाजवळून. ते फार गोड होतं.