अबोल्यातली झारी

दमले हो मी. आधी तेवढं सांगून घेते, मग ओळख. मी एक झारी. हिरवी, प्लास्टिकची, पाच लिटरची. कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावरच्या एका गॅलरीत, नळाखाली माझा मुक्काम. माझ्या तोंडावरची जाळी पहिल्याच वर्षी हरवली. "बघू, आणू" म्हणाले, म्हणजे विषय संपला.

जन्माचं फार काही सांगण्यासारखं नाही. कुठल्याशा कारखान्यात साच्यातून निघाले, आणि चौकातल्या दुकानात बादल्यांच्या वर दोरीला टांगून घेतलं. तिथून विमलाबाईंनी मला उतरवलं. गावचं घर भावकीला देऊन त्या नुकत्याच मुलाकडे राहायला आल्या होत्या. येताना लोणी काळभोरच्या माहेरून एक हातभर फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती, आणि तिच्यासाठी मी.

फांदीचं बघता बघता झाड झालं. धोतऱ्यासारखी फुलं, पण ही लांबलचक आणि मान खाली घालून लोंबणारी. तनुजा, म्हणजे सूनबाई, मोबाइलवर शोधून म्हणाली, "आई, ब्रुगमॅन्शिया म्हणतात याला." विमलाबाई म्हणाल्या, "म्हणू देत. माझा उलटा धोतराच हाय तो." संध्याकाळी त्याचा असा वास सुटायचा की बँकेतून दमून आलेली तनुजा पर्स न काढताच गॅलरीत येऊन बसायची.

पाणी फक्त विमलाबाई घालायच्या, आणि काय सुंदर घालायच्या! या झाडाला तहान फार. ऊन तापायला लागलं, नवी पानं फुटायला लागली, की त्याला पोटभर पाणी लागतं, कुंडीच्या खालच्या भोकातून वाहेपर्यंत. मग मात्र हात आवरायचा. त्या मातीत बोट खुपसून बघायच्या. पेरभर माती सुकली असली तरच पुन्हा मला उचलायच्या. भर दुपारी पानं मान टाकायची, तेव्हा त्या म्हणायच्या, "उन्हानं आळसावलंय, तहानलं न्हाई." आणि खरंच, ऊन कललं की पानं ताठ. कुंडीखालच्या थाळीत साचलेलं पाणी त्या लगेच ओतून द्यायच्या. त्या दिवसांत मला कामाचा शीण कधी वाटला नाही.

मग मार्चमधल्या एका सोमवारी माशी शिंकली. बाईंनी धोतरा म्हणून दोन फुलं महादेवाला वाहिली आणि तिसरं चार वर्षांच्या नातीच्या, नंदूच्या हातात दिलं. नंदूने ते पिपाणी समजून तोंडाला लावलं. नेमकी तनुजा दारातून आत आली, शेजारच्या निशाताईंसोबत.

"अहो आई, विषारी असतं ते! घरात लहान मूल आहे, एवढं कळत नाही तुम्हाला?"

चुकलं होतं बाईंचंच, पण शेजारणीसमोर ऐकून घ्यावं लागलं ते त्यांच्या जिव्हारी लागलं. "मी काय नातीला विष घालीन व्हय? आजपासून त्या झाडाला मी हात लावायची न्हाई."

त्या दिवशी अबोला सुरू झाला. "नंदू, आईला सांग, कुकर झालाय." "नंदू, आजीला सांग, उशीर होईल." लेकराला निरोप्या करून ठेवलं. आणि इंद्रजीत, या बाईंचा मुलगा आणि त्या बाईचा नवरा, मोबाइलमधून मान वर काढून विचारायचा, "काही झालंय का?" धन्य!

आता माझे हाल ऐका. बाई बोलल्या तसं त्यांना जमेना. पहाटे सहाला, सूनबाई झोपेत असताना, त्या चोरपावलांनी यायच्या आणि घाईघाईत, मातीत बोट न खुपसताच मला रिकामी करायच्या. तनुजाला वाटलं, आईंनी झाड खरंच सोडलं. नऊला आजी नंदूला बालवाडीत सोडायला गेल्या की ती यायची, पुन्हा पूर्ण झारी ओतून बँकेत जायची. चार-सहा दिवसांत पानं संध्याकाळीही उठेनात. मग बाई दुपारीही घालू लागल्या. त्या कट्ट्यावर फिरायला गेल्या की सूनबाई संध्याकाळचं घालायची. एका कुंडीत दिवसाला चार झाऱ्या! थाळीचं डबकं झालं, डास झाले. पानं पिवळी पडून गळायला लागली, आणि दोघींना त्यात फक्त तहान दिसत होती.

"कुणाला पडलीय का तुझी?" बाई झाडाशी बोलायच्या. "या घरात माझं म्हणून तू एकच हायेस रं." तीन तासांनी तनुजा यायची आणि तीही कुजबुजायची, "तू गेलास तर आईंना काय तोंड दाखवू?" मी दोघींचं ऐकायचे आणि ओतायचे. मारत होते मी त्याला, माझ्याच तोंडाने. रोज, पोटभर.

महावीर जयंतीला बँक बंद, बालवाडी बंद. आई देवपूजेत आहेत असं समजून नऊ वाजता तनुजाने मला नळाखाली धरलं आणि मागे विमलाबाई येऊन उभ्या राहिल्या.

"नंदू, तुझ्या आईला सांग..." त्या म्हणाल्या. नंदू झोपलेली होती. मग त्यांना स्वतःलाच बोलावं लागलं. "नको घालू. सकाळी घातलंय मी."

"तुम्ही? तुम्ही तर हात लावणार नव्हतात. मी घालतेय ना रोज, दोनदा."

"दोनदा? अगं, मी बी दोनदा घालते!"

दोघींनी कुंडी आडवी केली. आंबूस वास सुटला. मुळं काळी, हात लावला की चिखलासारखी गळून येत होती. विमलाबाई ती हातात घेऊन खालीच बसल्या. "दोघींनी मिळून बुडवलं गं याला." तनुजा त्यांच्याशेजारी फरशीवर बसली आणि तिने त्यांचे चिखलाचे हात आपल्या हातात घेतले. रडल्या दोघी. मलाही भरून आलं होतं, पण माझ्यात पाणीच होतं, कुणाला कळणार?

झाड गेलं. शेंड्याची एक फांदी तेवढी टणक निघाली, ती छोट्या कुंडीत लावली आहे. तीन आठवडे झाले, अजून पान नाही. नखाने खरवडलं तर आत हिरवं दिसतं म्हणतात. जगेल की नाही, मी सांगू शकत नाही.

माझ्या मुठीला चीर गेली आहे, थोड्याच दिवसांत भंगारात जाईन. त्याआधी एक मागणं आहे. भांडा, रुसा, दार आपटा. घर म्हटलं की हे व्हायचंच. पण मला उचलण्याआधी "पाणी घातलंस का?" एवढं विचारत जा. मला नुसतं ओतायचं तोंड आहे. तुम्हाला बोलता येतं ना?