भोंग्यानंतरचं ताट

अंथरुणावर पडून असलेल्या चंपाबाईंची पाठ बघायची असली की नाथाजी दाराकडे तोंड करून उभे राहत, आणि शेजारची सुलाबाई गोधडी बाजूला करून आतून सांगत असे.

"पाठ लोण्यासारखी हाय. एक चट्टा न्हाई," सुलाबाई म्हणाली. मग जरा आवाज खाली आणून, "पर बरगड्या वर आल्यात. गेल्या खेपेला अशा नव्हत्या."

सांगलीत नदीकडच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात कीर्तनाला बसणाऱ्या माणसांनी लढाईच्या दिवसांत एक सेवा मंडळी काढली होती. अंथरुणाला खिळलेलं माणूस आणि घरात करणारं कुणी नाही, अशा ठिकाणी सकाळ-संध्याकाळ एक बाई पाठवायची. ती सेवा नीट होते की नाही हे पाहायचं काम मंडळीचे पुढारी भाऊसो यांनी नाथाजींवर सोपवलं होतं. "तुमचं तोंड मऊ," भाऊसो म्हणाले होते, "तुमच्यापुढं माणूस खरं बोलतं."

नाथाजी ते काम पूजेसारखं करीत. अंथरुणाचा वास घेत, घागरीवरचं झाकण उचलून पाणी बघत, रॉकेलची चिमणी गोधडीपासून लांब आहे ना ते पाहत. पण ते जायचे सकाळी. संध्याकाळ त्यांनी कधीचीच देवाला देऊन टाकली होती. दिवेलागणीला देवळात बुवा उभे राहिले की मागं झांजा धरायला नाथाजी हवेतच. आणि एकदा का अभंगाची चाल चढली की त्यांचे डोळे भरून येत, मग घरचंदारचं काही आठवत नसे.

चंपाबाई जैन, पंचाहत्तरीच्या. अर्धांगानं उजवी बाजू गेलेली, डावा हात एवढा कापायचा की पेला तोंडापर्यंत पोचेपर्यंत रिकामा व्हायचा. मुलगा जिनदत्त तंबाखूच्या व्यापारात दूर मद्रास इलाख्यात. तिच्या जातीची वस्ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. मंडळीनं तिच्याकडे बनुबाईला लावलं होतं. बनुबाई मेढ्याकडची. नवरा पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेला, लढाई संपली तरी त्याचा पत्ता नव्हता. दोन पोरं घेऊन ती इथं आली आणि गिरणीत लागली. गिरणीत जायच्या आधी चंपाबाईंचं सगळं करायचं आणि सुटल्यावर परत यायचं, असा तिचा नेम होता.

"बनू नीट करते ना आई?" नाथाजींनी नेहमीसारखं विचारलं.

"लय चांगलं करती."

"जेवण?"

"ताजं करती. दोन्ही वेळा. कशालाच कमी न्हाई."

नाथाजींना बरं वाटलं. ते बाहेर पडले, तर सुलाबाई पायरीवर वाट अडवून उभी.

"तुमाला कीर्तनातलं लवकर कळतं, संसारातलं न्हाई," ती म्हणाली. "बनी रोज रात्री भरलेलं ताट पदराखाली झाकून घरी नेती. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. म्हातारीच्या तोंडचं तिच्या पोरांच्या तोंडात चाललंय, आणि म्हातारी भिऊन बोलत न्हाई. अजून काय बघायचं ठेवलंय तुमी?"

 नाथाजी तसेच भाऊसोंच्या दुकानी गेले आणि ऐकलं ते सांगितलं.

"बाई काढा," भाऊसो तराजू खाली ठेवत म्हणाले. "आजच."

"आजची संध्याकाळ मला द्या."

"संध्याकाळी? आज कऱ्हाडचे बुवा उभे राहणार हाईत. तुमी येणार न्हाई?"

नाथाजींनी मान खाली घातली. "न्हाई येत."

ऊन भिंतीवर होतं तेव्हाच ते चंपाबाईंच्या घरी पोचले. बाहेरची कडी काढून आत गेले. सकाळनंतर त्या घरात कुणी आलेलं नव्हतं, हे हवेवरूनच कळत होतं. चंपाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीतल्या उन्हाकडे, मग घागरीकडे.

"पानी द्याल काय?"

त्यांनी भांडं ओठांना लावलं. तिनं ते एका दमात संपवलं. दुसरंही संपवलं. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं, पण ती थांबेना. नाथाजींनी रिकामं भांडं खाली ठेवलं.

"याआधी कधी प्यालात आई?"

"सकाळी. बनू होती तवा."

"आणि आता रात्री पिणार..." एवढं बोलून ते थांबले. भिंतीवरचं ऊन लाल होऊन छपराकडे सरकत होतं. दिवस बुडाल्यावर जैन माणसं अन्न घेत नाहीत, काहीजणी पाणीसुद्धा नाही, हे सांगलीत कुणाला ठाऊक नाही? नाथाजींनाही ठाऊक होतं. ते फक्त या अंथरुणापाशी त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

ऊन गेलं. त्यांनी पुन्हा भांडं पुढं केलं. चंपाबाईंनी ओठ मिटले आणि मान वळवली.

मग लांब गिरणीचा सहाचा भोंगा झाला.

बनुबाई आली ती पळतच, उरी फुटल्यासारखी. दाराआडच्या कोपऱ्यात बसलेले नाथाजी तिला दिसले नाहीत; चिमणीचा उजेडही तिथवर पोचत नव्हता. तिनं चिमणी लावली, चूल पेटवली, भाकरी थापली, आमटीला फोडणी दिली. म्हातारीला एका हातानं मानेखाली आणि एका हातानं कमरेखाली धरून असं उठवलं की तोंडातून हूं निघालं नाही. मग ताट घेऊन समोर बसली.

"आई, एक घास. माझ्यासाठी."

"न्हाई गं."

"देव बघतोय तुमचा, रागावणार न्हाई."

"बघतोय म्हणूनच न्हाई."

बनुबाईनं ताट मांडीवर घेतलं. नाथाजी खाकरले. ती दचकली, आणि त्यांना पाहून तिचा चेहरा घट्ट झाला.

"सुलाबाईनं धाडलं व्हय? बघा मग. हे ताट मी घरी नेती. सकाळी आईला शिळं चालत न्हाई. अन्न उकिरड्यावर टाकू?"

"हे कधीपासून चाललंय, बनू?"

"घड्याळ मागं घेतलं तवापासनं. लढाई हुती तवर सरकारनं घड्याळ तासभर पुढं ठेवलं हुतं, मग सहाच्या भोंग्याला ऊन असायचं. पळत आले की दिवस बुडायच्या आत हिच्या पोटात चार घास जायचे. दिवाळीच्या तोंडाला सरकारनं तास परत दिला. सगळी खूश झाली. भोंगा सहाचाच हाय, पर आता भोंग्याबरूबर दिवस बुडतो."

नाथाजी खूश झालेल्यांतलेच एक होते. जुना टाइम आला म्हणून त्यांनी मारुतीला नारळ फोडला होता.

"मला का सांगितलं नाही?"

बनुबाईनं चंपाबाईंकडे पाहिलं. उत्तर अंथरुणावरून आलं.

"मीच शपथ घातली. तुमी बनूला काढून दुसरी लावली असती. पयली बाई लावली हुती ना तुमी, ती हाताला धरून वढायची. तो खांदा अजून ठणकतो. आणि बनू माझ्यासाठी गिरणी सोडाया निघाली हुती. दोन पोरं हाईत तिला. व्रत माझं, त्याचा भार तिच्यावर का?" ती दम लागून थांबली. "तुमी विचारलंत, नीट करती का. करती. मी काय खोटं बोलले?"

नाथाजी उठले आणि देवळाकडे निघाले.

कीर्तन सुटायच्या वेळी ते देवळाबाहेर भाऊसोंना भेटले. भाऊसोंनी सगळं ऐकून घेतलं.

"चोरी न्हाई, मान्य," ते म्हणाले. "पर लपवलं ना? अशीच एक दिवस म्हातारी गेली असती, आणि आपण देवळात सांगत बसलो असतो, सेवा उत्तम चाललीय."

ते खरं होतं. नाथाजी म्हणाले, "बनूला राहू द्या. दिवस असताना मी जाईन आणि भरवीन. सकाळी तिनं संध्याकाळचंही करून ठेवायचं."

"आणि तुमी आजारी पडलात तर?"

"सुलाबाईला विचारतो."

सुलाबाई आधी फणकारली. "म्हातारीला सांगायला जीभ नव्हती? भिंतीला भिंत हाय माझी." मग बराच वेळ ती आपल्या दाराची कडी उगाच घालत-काढत उभी राहिली. शेवटी म्हणाली, "तुमी नसाल त्या दिवशी हाक मारा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी नाथाजी लवकर गेले. पण भरवणं म्हणजे झांजा वाजवणं नव्हे. घास मोठा झाला की चंपाबाईंना ठसका लागे, छोटा केला की वेळ जाई. आमटी पदरावर सांडली. "सावकाश," तीच त्यांना समजावत होती. अर्धी भाकरी व्हायची होती तेवढ्यात भिंतीवरचं ऊन संपलं, आणि तिनं ओठ मिटले.

"एवढाच घास, आई."

तिनं मान हलवली. नाथाजींनी घास परत ताटात ठेवला.

भोंगा झाला. बनुबाई आली. तिनं ताटाकडे पाहिलं, मग नाथाजींच्या आमटीनं माखलेल्या बाहीकडे.

"पानी किती प्याल्या?"

"दोन भांडी."

 तिनं उरलेलं ताट उचललं आणि जाताना पदराखाली घेतलं नाही, उघडंच नेलं. दारातल्या सुलाबाईनं मान वळवली.

नाथाजी गल्लीत आले तेव्हा देवळात झांजा सुरू झाल्या होत्या, त्यांच्याशिवाय. ते क्षणभर थांबले. पलीकडच्या आळीत आकाराम म्हणून एक लंगडा पलटणवाला मंडळीच्या सेवेत होता. त्याच्याकडेही ते आजवर सकाळीच गेले होते, आणि त्यानंही दर खेपेला हसून सांगितलं होतं, उत्तम चाललंय.

नाथाजी देवळावरून पुढं निघाले आणि त्या आळीकडे वळले.