शिवेपल्याडची पाण्याची धार

मित्रांनो, मला पाहून हसू नका. माझा रंग उडालाय, एका अंगाला गंज चढलाय. पण पाण्यानं लोखंड कापणारी मशीन आहे मी! पाण्यानं कुठं लोखंड कापतं का, असं वालूर गावची माणसंही म्हणाली होती. माझा पंप पाण्याला असा दाबतो, की केसाएवढ्या भोकातून ते सुसाट सुटतं. त्यात लाल रेती मिसळली की दगड, पोलाद, रबर काहीही चिरतं, आणि आच मुळीच लागत नाही.

उमेदीची वर्षं मी पुण्याच्या कारखान्यात घालवली. नवी यंत्रं आली आणि मला कोपऱ्यात ढकललं गेलं. तिथून वालूरच्या उमादेवीनं मला आणून गावच्या शिवेपलीकडं, पत्र्याच्या शेडात उभं केलं. तिची लेक शिवरंजनी मला चालवते. काम नसलं की मी टाकीतल्या पाण्याची कुजबुज ऐकत पडते. बोअरचं पाणी ते, जरा खारट. कधी ढगात होतो, कधी दुधना नदीत होतो, असं काहीबाही सांगतं. ऐकता ऐकता माझा डोळा लागतो.

परवा खंडेनवमीला उमादेवीनं सकाळीच माझी पूजा केली. विभूतीचे पट्टे ओढले, झेंडूचा हार घातला. पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावायचं नाही, अशी आमच्याकडं रीत. म्हणून मी निवांत होते.

दुपारी गावातला मुंजाजी कुबडीवर आला. तीन वर्षांपूर्वी मळणीयंत्रात त्याचा उजवा पाय घोट्यापासून गेला. काखेत कार्बनच्या धाग्यांचा काळा पत्रा होता, नव्या, कृत्रिम पायाचं पातं कापायला आणलेला. करवतीनं त्याचे पदर सुटतात आणि आचेनं तो खराब होतो, म्हणून माझ्याकडं.

"वहिनी, पत्रा आजच आला, अन् एकच हाय," तो म्हणाला. "परभणीचा कारागीर सकाळी पाय बसवून देतो म्हणलाय. उद्या दसऱ्याला मला गावासंगं शीव ओलांडायचीय. तीन साल झाले, पारावर बसून लोकांच्या पाठी बघायलोय."

उमादेवीनं माझ्याकडं पाहून हात जोडले. "महादेवा, माफ कर बाबा. शिवा, चालू कर," ती लेकीला म्हणाली.

शिवरंजनीनं आधी भंगाराच्या तुकड्यावर धार सोडून पाहिली. अगं बाई! धार फाटली, चहूकडं फिसकटली.

"हे काय व्हायलंय? अशी धार लागली तर पत्र्याचे पदर उलगडतील," ती घाबरून म्हणाली.

उमादेवीचा चेहरा पडला. "शिवा, सकाळी म्या टाकीत विभूती सोडली. म्हणलं, हिच्या पोटातबी देवाचा अंगारा जाऊ दे."

मला राग यायला हवा होता. पण इतक्या मायेनं मला कुणी कधी भरवलं नव्हतं हो! मला रडूच आलं.

मायलेकींनी टाकी उपसली, गाळण्या बदलल्या, केसाएवढं भोक असलेल्या ज्या इवल्याशा माणकाच्या खड्यातून माझी धार सुटते तो काढून भिंगाखाली धुतला. दोन तास मुंजाजी पायरीवर बसून होता. अखेर धार सरळ पडली. शिवरंजनीनं दाब कमी करून आखलेल्या रेघेबाहेर पहिलं भोक पाडलं, मग सावकाश वळण घेतलं. आयुष्यात मी इतक्या जपून काही कापलं नव्हतं. पातं निघालं, कडा अगदी गुळगुळीत. मुंजाजीनं ते गालाला लावलं.

म्हणून सांगते मित्रांनो, जुन्या यंत्राला जीव लावा, गंध लावा, हार घाला. पण पोटात तेवढं गाळलेलंच पाणी घाला. चिमूटभर राखेपायी एका माणसाचा दसरा हुकला असता.

दसऱ्याच्या संध्याकाळी शिवेकडून वाजंत्री ऐकू आली. पाठोपाठ मुंजाजी दारात उभा, कुबडीविना! "सोनं घ्या," म्हणत त्यानं मायलेकींना आपट्याची पानं दिली. शिवरंजनी रिवाजाप्रमाणं पाया पडायला वाकली. गेली तीन वर्षं कुणी असं वाकलं, की तो "राहू दे, राहू दे" म्हणत धोतराआड पाय लपवायचा.

आज त्यानं दोन्ही पाय जुळवले आणि तिला वाकू दिलं.