बॉनेटवरचा पोचा

“उघडा पत्रा म्हणजे सोललेलं अंग. वाळूचा मारा थांबला की प्राइमर लागेपर्यंत त्याला बोट लावायचं नाही. कुणीच!” सासऱ्यांचं हे बजावणं वहिनीच्या कानात अजून ताजं होतं. ते गेले, वर्कशॉप राहिलं, आणि ऐकून न ऐकल्यासारखं करणारा एक दीर राहिला.

त्या दुपारी जुन्या गाडीच्या बॉनेटवरचा रंग आणि गंज वाळूच्या फवाऱ्याने उडवून ती नाकाकानातली धूळ धुवायला नळावर गेली. परतते तो काय, गाडीचे मालक, म्हातारे काका, बॉनेटवरून दोन्ही हात फिरवतायत! शेजारी दीर निवांत पुट्टी कालवतोय.

“भाऊजी, राखणीला बसला होतात की तमाशा बघायला?”

“मी काय त्यांचे हात धरू? गाडी त्यांचीच आहे.”

“गाडी त्यांची, आणि गंज माझ्या माथी! काका, परवा दरवाजा, काल मडगार्ड, आज हे. घामाचे डाग रंगाखालून फोडासारखे वर येतात हो. किती वेळा घसा कोरडा करू?”

काका ओशाळले, पण एक हात काही उचलेनात. “हा पोचा बघ ना. पुट्टीखाली दडला होता इतकी वर्षं. तुझी काकू गाडी शिकताना फाटकावर आदळली होती. अजून कबूल करत नाही. म्हणते, तुम्हीच ठोकलीत!”

“मग आणा त्यांना, दाखवा, आणि मिटवा भांडण एकदाचं.”

“दिसत नाही गं तिला आता. हातानेच चाचपेल. पण आज दवाखान्यात न्यायचंय, उद्याच जमेल.” त्यांनी पुट्टीच्या थापीकडे पाहिलं. “तोवर बुजेल हा.”

वहिनीने कपाळाला हात लावला. हे म्हातारे धड चिडूही देत नाहीत!

“प्राइमर आजच लागेल. पण त्याचा थर पातळ असतो, पोचा हाताला कळेल. काकूंचा हात फिरेपर्यंत पुट्टी लावणार नाही. शब्द देते.”

“अहो वहिनी, कालवून झाली की! आता दगड होईल तिचा.”

“मग खिडकीची भेग बुजवा. वर्षभर कानीकपाळी ओरडतेय.”

काकांचा हात पुन्हा बॉनेटकडे निघाला. तिने नुसतं पाहिलं. त्यांनी तो खिशात घातला आणि ते काकूंना दवाखान्यात न्यायला निघाले.

पत्र्यावर त्यांचे दोन्ही पंजे ठसठशीत उमटले होते. वहिनीने तोंडावर मुखवटा चढवला, कॉम्प्रेसर सुरू केला आणि वाळूची नळी तिरकी धरून, पोच्याच्या कडा सांभाळत, ठसे उडवायला घेतले.